चाळीसपट घनतेचं गणित पाचपट घनतेच्या ताऱ्याला कशाला लावायचं?

अनुस्वार

शीत, घन क्वार्क द्रव्यावरचं अलीकडचं काहीही वाचायला घेतलं की एका पायरीवर अडखळायला होतं, म्हणून हा धागा.

अणुकेंद्रातली घनता म्हणजे ०.१६ न्यूक्लिऑन प्रति घनफर्मी. तिला न-शून्य म्हणू. सर्वांत जड न्यूट्रॉन ताऱ्यांच्या गाभ्यात साधारण ५ ते ८ न-शून्य घनता असावी असं धरतात. तापमान १० केईव्हीच्या आसपास आणि क्वार्कचा रासायनिक विभव (एक क्वार्क वाढवायला लागणारी ऊर्जा, पुढे नुसतं म्यू) ४००-५०० एमईव्ही, म्हणजे तापमान शून्य धरलं तरी बिघडत नाही. इथपर्यंत ठीक.

आता गणिताची अवस्था बघा. अणुकेंद्रीय बाजूचा प्रभावी सिद्धांत १ ते २ न-शून्यपर्यंत विश्वासाचा. क्वार्क आणि त्यांना बांधणारे ग्लुऑन यांचं पर्टर्बेशनचं गणित (परस्परक्रिया लहान धरून पायरीपायरीने दुरुस्त्या) विश्वासाचं होतं ते थेट ४० न-शून्यला. लॅटिस (अवकाश-काळाची जाळी करून संगणकावर सोडवणं) तर या भागात चालतच नाही. तरीही "पर्टर्बेटिव्ह क्यूसीडीच्या अटी लावून ताऱ्याचं अवस्था समीकरण काढलं" अशी वाक्यं सर्रास दिसतात (क्यूसीडी म्हणजे क्वार्क-ग्लुऑनांचा सिद्धांत, अवस्था समीकरण म्हणजे घनतेनुसार दाब किती). जिथे तारा पोचतच नाही, तिथलं गणित ताऱ्याला कसं बांधतं? आणि मधल्या दरीत नक्की काय माहीत आहे?

"सगळी मॉडेलं चुकीची असतात" छापाची उत्तरं नकोत. आकडे द्या.

मृगजळ

जागा राखून ठेवतो. या धाग्यावर शंभरी होणार.

त्रिरंगी

लॅटिस "चालत नाही" हे वाक्य जरा उलगडते, कारण पुढे ते लागणार आहे.

लॅटिसवर ग्लुऑन क्षेत्रांचे नमुने काढताना प्रत्येक नमुन्याचं वजन म्हणजे क्वार्कचं डिटरमिनंट. म्यू शून्य असताना ते वास्तव असतं, त्यामुळे संभाव्यता म्हणून वापरता येतं. म्यू वास्तव आणि शून्येतर झाला की डिटरमिनंट सम्मिश्र होतं: त्याचं संयुग्म म्हणजे उणे म्यूचं डिटरमिनंट. सम्मिश्र संख्येला संभाव्यता म्हणता येत नाही. हाच साइन प्रॉब्लेम.

"मग निरपेक्ष मूल्य घ्या आणि फेज नंतर सरासरीत लावा" ही पळवाट सगळ्यांना सुचते. पण फेजची सरासरी म्हणजे खऱ्या आणि फेज काढून टाकलेल्या सिद्धांताच्या पार्टिशन फंक्शनचं गुणोत्तर. ते घातांकी पद्धतीने घसरतं आणि घातांकात येतं आकारमान भागिले तापमान, गुणिले दोन दाबांतला फरक. तापमान शून्याकडे नेलं की सिग्नल संपला. संगणक दसपट केलात तर पेटी जेमतेम एक बोट मोठी होते.

फेज काढून टाकलेला दोन-स्वादांचा (स्वाद म्हणजे क्वार्कचे प्रकार: यू, डी आणि एस म्हणजे स्ट्रेंज) सिद्धांत काही काल्पनिक भूत नाही. यू क्वार्कला अधिक म्यू आणि डी क्वार्कला उणे म्यू दिला की तोच सिद्धांत मिळतो, म्हणजे आयसोस्पिन घनतेचं द्रव्य. तिथे म्यू पायॉनच्या निम्म्या वस्तुमानाला, सुमारे ७० एमईव्हीला पोचला की पायॉन संघनित व्हायला लागतात. खऱ्या बॅरिऑन द्रव्यात मात्र म्यू ३०८ एमईव्हीच्या आसपास (९२३ चा तिसरा भाग) जाईपर्यंत काहीच होत नाही. ७० ते ३०८ मधली ही शांतता निव्वळ फेजच्या काटाकाटीतून येते. नुसतं "काहीच होत नाही" एवढं उत्तर मिळवायला इतकी काटाकाट.

उत्तरायण

दुसरं टोक मी घेतो. ४० न-शून्य कुठून येतं ते पाठकोऱ्या कागदावर निघतं.

तीन वस्तुमानहीन स्वाद, तीन रंग, परस्परक्रिया नाही असं धरलं तर दाब = ३ म्यू^४ / ४पाय², आणि बॅरिऑन घनता = म्यू³ / पाय². बॅरिऑनचा रासायनिक विभव २.६ जीईव्ही घेतला तर म्यू ८६७ एमईव्ही. त्याला १९७.३ ने भागून प्रतिफर्मी ४.३९, त्याचा घन ८४.८, भागिले ९.८७, म्हणजे ८.६ प्रति घनफर्मी. न-शून्यच्या ५४ पट झाली.

आता पहिली दुरुस्ती: (१ − २अल्फा/पाय). अल्फा म्हणजे बलाच्या जोराचं मोजमाप, जी²/४पाय. स्केल २म्यू म्हणजे १.७ जीईव्हीला अल्फा ०.३३ च्या आसपास, त्यामुळे सुमारे २१ टक्के कपात. घनता आली ६.८ वर. पुढच्या पायऱ्या धरून ती ६.५ च्या आसपास बसते, तेच तुमचे ४० न-शून्य.

चकवा

२.६ च का? २ का नाही? ३ का नाही?

उत्तरायण

@चकवा, त्या आकड्यात निसर्गनियम काही नाही, ती एक पसंती आहे. मालिका तोडल्यावर उत्तर रिनॉर्मलायझेशन स्केलवर (अल्फा ज्या ऊर्जेला मोजला तिच्यावर) अवलंबून राहतं. ती स्केल २म्यूच्या निम्म्यापासून दुपटीपर्यंत फिरवायची आणि दाब किती हलतो ते बघायचं, अशी रीत आहे. २.६ जीईव्हीला हा पट्टा साधारण तेवढाच रुंद निघतो जेवढी अणुकेंद्रीय बाजूला १.१ न-शून्यला अनिश्चितता असते. म्हणून दोन्ही टोकं "सारख्या भरवशाची". खाली २ जीईव्हीला आलात तर निम्मी स्केल अशा ठिकाणी जाते जिथे अल्फाच भडकलेला असतो, पट्टा फाटतो.

इतिहास थोडक्यात: अल्फाच्या वर्गापर्यंतचं गणित फ्रीडमन आणि मॅक्लेरन यांनी १९७७ मध्ये केलं. स्ट्रेंज क्वार्कचं वस्तुमान नीट घेऊन त्याच पायरीचं गणित कुर्केला, रोमाच्के, वुओरिनेन यांचं, २०१० चं. तिसऱ्या घाताचे पहिले तुकडे आले २०१८ पासून. मधे चाळीस वर्षं एक पायरी.

अडचण कुठे येते? म्यूच्या पातळीचे कठीण ग्लुऑन आणि जी×म्यूच्या पातळीचे मऊ ग्लुऑन वेगळे वागतात. मऊ ग्लुऑनांना माध्यमाचं आवरण चढतं. त्यांच्या आकृत्या सुट्या-सुट्या घेतल्या तर इन्फ्रारेडला फुटतात, म्हणून साखळी अख्खी बेरजेत घ्यावी लागते, आणि तिथून अल्फा² × लॉग अल्फा असं पद जन्मतं. मऊ आणि कठीण भागांतले अपसरण एकमेकांत तंतोतंत कटायला हवेत. तो हिशेब तपासायची सर्वांत चांगली जागा तीच.

एक गोष्ट मात्र शीत बाजूला सोपी आहे. उष्ण प्लाझ्मात स्थिर चुंबकीय ग्लुऑनांमुळे एका घातानंतर पर्टर्बेशन हातच टेकतं. शून्य तापमानाला ती भिंत नाही.

पाऊलखूण

आता मूळ प्रश्न. अनुस्वार, तुम्ही "४० चं गणित खाली ओढून ५ ला लावलं" असं समजताय. तसं कोणी करत नाही. कोमोल्त्सेव्ह आणि कुर्केला यांची २०२२ ची युक्ती अशी:

घनता-विरुद्ध-म्यू असा आलेख काढा (या क्षेत्रफळाच्या हिशेबापुरतं म्यू म्हणजे बॅरिऑनचा, क्वार्कच्या तिप्पट). दोन टोकं ठाऊक आहेत. खालचं टोक: म्यू ०.९७८ जीईव्ही, घनता ०.१७६, दाब अगदी किरकोळ. वरचं टोक: म्यू २.६ जीईव्ही, घनता ६.५, दाब सुमारे ३८०० एमईव्ही प्रति घनफर्मी. मधला वक्र माहीत नाही, पण त्याच्यावर तीन बंधनं आहेत:

पहिलं, घनता कमी होता कामा नये (स्थिरता). दुसरं, ध्वनीचा वेग प्रकाशापेक्षा जास्त नको. याचा अर्थ वक्राचा चढ कुठेही, त्या बिंदूपासून आरंभबिंदूकडे काढलेल्या रेषेच्या चढापेक्षा कमी नको. तिसरं, आणि लोक हेच विसरतात: वक्राखालचं क्षेत्रफळ म्हणजे दोन टोकांतल्या दाबांचा फरक, आणि तो ठाऊक आहे.

सर्वांत कमी क्षेत्रफळ कसं मिळेल? खालच्या टोकापासून प्रकाशवेगाच्या रेषेने जात राहायचं आणि अगदी शेवटी उडी मारायची. ०.१७६/(२×९७८) × (२६००² − ९७८²) = ५२२. सर्वांत जास्त? सुरुवातीलाच उडी मारून वरच्या टोकाला जाणारी रेषा पकडायची: ६.५/(२×२६००) × तोच कंस = ७२५० च्या आसपास. ३८०० मधे बसतो, म्हणजे टोकं एकमेकांशी जुळतात. आता मधला कुठलाही बिंदू घ्या आणि हाच हिशेब त्या बिंदूपासून वर करा. बसला तर राहिला, नाही तर बाद.

अनुस्वार

हे मस्त आहे. लगेच करून पाहिलं. घनता ०.८ (५ न-शून्य), म्यू १.५ जीईव्ही. इथून वर किमान क्षेत्रफळ १२०३, कमाल ५६४० च्या घरात. ३८०० मधून वजा केलं तर या बिंदूचा दाब शून्यापासून २६०० पर्यंत काहीही चालतो!

म्हणजे बंधन म्हणायचं ते हेच? ही तर वेशीवरची कमान झाली, कोणीही खालून जावं.

पाऊलखूण

तुम्ही मवाळ बिंदू निवडलात. ताठ (घनता थोडी वाढली तरी दाब खूप वाढणारा) घ्या. घनता ०.९, म्यू २.२ जीईव्ही. वरच्या टोकापर्यंत कमाल क्षेत्रफळ ६.५/५२०० × (२६००² − २२००²) = २४००. म्हणजे या बिंदूला दाब किमान १४०० हवाच. पण ऊर्जा घनता = म्यू × घनता − दाब, म्हणजे १९८० − १४००, जास्तीत जास्त ५८०. आणि ०.९ बॅरिऑन लोखंडाच्या केंद्राइतके घट्ट बांधून ठेवले तरी प्रत्येकी ९३० प्रमाणे ८३७ लागतात! ऊर्जा घनता त्याच्या खाली येऊच शकत नाही. बिंदू बाद.

हे केवळ दोन टोकं आणि कार्यकारणभाव यांतून आलं. मधल्या भागात क्वार्क आहेत की न्यूक्लिऑन, याच्याशी देणंघेणं नाही. फार ताठ समीकरणं छाटली जातात, मवाळ तशीच राहतात.

काटकोन

पाऊलखूण यांचा हिशेब बरोबर, पण एक ओळ गाळली. ३८०० हा मधल्या स्केलचा दाब आहे. स्केल निम्मी घ्या: घनता ६.१ च्या आसपास आणि दाब सुमारे २३०० वर येतो. मग तुमच्याच बिंदूला कमाल क्षेत्रफळ साधारण २२५०, आणि "किमान १४००" ऐवजी "किमान ५०" उरतं. बाद झालेला बिंदू पुन्हा हजर.

शिवाय बंधन कुठे लावता त्यावरही ठरतं. सोमसुंदरम, ट्यूज आणि मार्गेरॉन यांनी २०२३ मध्ये दाखवलं तेच: ताऱ्यात मिळणाऱ्या कमाल घनतेलाच थांबून अट लावली तर परिणाम क्षीण, आणि समीकरण १० न-शून्यपर्यंत ओढून मग लावली तर जोरकस. १० न-शून्यचं द्रव्य कुठल्याही स्थिर ताऱ्यात नसलं तर दुसरा पर्याय निवडायचं कारण काय?

पाऊलखूण

कारण समीकरण तारा कोसळतो तिथे संपत नाही. द्रव्य म्हणून ते पुढेही अस्तित्वात आहेच. ताऱ्याच्या कमाल घनतेला थांबलात तर पुढे ४० पर्यंत काय वाटेल तशी उडी मारायची मुभा तुम्ही समीकरणाला देता, अगदी टोकाचं अवस्थांतर, मग प्रकाशवेग. अशक्य नाही, पण असं वागणारं समीकरण १० च्या खालीही कोणी सहज स्वीकारलं नसतं. स्केलचा मुद्दा मात्र शंभर टक्के मान्य. प्रामाणिक काम करणारे स्केलवर सरासरी घेतात, एक आकडा ठोकत नाहीत.

मृगजळ

अवांतर: स्ट्रेंज द्रव्य हेच आपल्या लोखंडाहून स्थिर असेल तर आपण सगळे अजून इथे कसे?

लोहकण

नावाला जागून उत्तर देतो. बोडमर १९७१, विटन १९८४. बॅग मॉडेलमध्ये (क्वार्क एका पिशवीत, पिशवीचा दाब बी) करून बघा: वस्तुमानहीन तीन स्वाद, शून्य दाबाला ३म्यू^४/४पाय² = बी. म्यू (क्वार्कचा) = १.९०५ × बी चा चतुर्थमूळ, आणि प्रतिबॅरिऑन ऊर्जा ३म्यू = ५.७१४ × चतुर्थमूळ. चतुर्थमूळ १४५ एमईव्ही घेतलं तर ८२९ एमईव्ही. लोखंडाचे ९३०. म्हणजे शंभर एमईव्हीने स्थिर.

मग १४५ च्या खाली का नाही जायचं? दोनच स्वाद घेऊन, विद्युतभार शून्य ठेवून (डीची संख्या यूच्या दुप्पट) तोच हिशेब केला तर गुणक ६.४४१ येतो. १४५ ला ९३४. याच्या खाली गेलात तर साधी अणुकेंद्रंच दोन-स्वादी क्वार्कांत विरघळायला हवीत, आणि ती विरघळत नाहीत. वरची मर्यादा १६२.८ ला, जिथे तीन-स्वादी द्रव्य ९३० ला टेकतं. एवढ्या फटीत ते गृहीतक जगतं. स्ट्रेंज क्वार्कचं वस्तुमान घातलं की फट आणखी आक्रसते.

आणि आपण इथे का: लोखंडाच्या केंद्राला तिकडे जायचं तर डझनांनी क्वार्क एकाच वेळी दुर्बल क्रियेने स्ट्रेंज व्हायला हवेत. एक-दोन झाले तर ऊर्जा वाढते, कमी होत नाही. म्हणून वाट बंद.

मृगजळ

निवांत झोपतो मग.

कूपरमंडूक

माझ्या विहिरीतलं बोलतो. वरच्या सगळ्या हिशेबात जोड्यांचा पत्ता नाही. एका ग्लुऑनच्या देवघेवीतलं बल प्रति-त्रिक रंगमार्गात आकर्षक आहे. फर्मी पृष्ठभाग (भरलेल्या संवेग-पातळ्यांची कड) असला आणि आकर्षण कितीही लहान असलं तरी कूपर जोड्या होणारच. म्हणजे शीत घन क्वार्क द्रव्य हे रंग-अतिवाहक, निदान पुरेशा घनतेला. धातूत आकर्षणासाठी जाळीच्या कंपनांची वशिलेबाजी लागते, इथे मूळ बलच पुरेसं.

रंगात विषम, स्पिन शून्य म्हणून स्पिनमध्येही विषम, त्यामुळे पाउलीसाठी स्वादातही विषम हवं. म्हणून यू-यू अशी जोडी स्पिन शून्याला होत नाही, यू-डी, डी-एस, एस-यू होतात. तिन्ही झाल्या की रंग आणि स्वाद एकमेकांना कुलूपबंद: सीएफएल अवस्था. नऊ क्वार्कपैकी (तीन रंग × तीन स्वाद) आठांना गॅप (उत्तेजनेला लागणारी किमान ऊर्जा) डेल्टा, एकाला साधारण दुप्पट. सगळेच गॅपवाले, यू-डी-एस समसमान, इलेक्ट्रॉनची गरज नाही.

चकवा

पण मोठ्या घनतेला जी शून्याकडे जातो. मग गॅपही शून्याकडे जाणार ना? सीएफएल "मोठ्या घनतेला नक्की" कशी?

कूपरमंडूक

चांगला सापळा आहे. नेहमीच्या बीसीएस हिशेबाने (धातूंच्या अतिवाहकतेच्या) गॅप म्हणजे म्यू गुणिले ई^(−स्थिरांक/जी²). सॉन यांनी १९९९ मध्ये दाखवलं की चुंबकीय ग्लुऑनांना पूर्ण आवरण चढत नाही, फक्त लँडाऊ अवमंदन होतं. त्यामुळे दूरवरचं आकर्षण टिकतं आणि घातांकात जी² ऐवजी जी येतो: −३पाय²/(√२ जी), म्हणजे −२०.९/जी. पुढे जी^(−५) हा गुणक.

आता १/जी² हा लॉग म्यूच्या प्रमाणात वाढतो, म्हणून १/जी हा लॉगच्या वर्गमुळाच्या प्रमाणात. ई^(−लॉगचं वर्गमूळ) ही घसरण म्यूच्या कुठल्याही घातापेक्षा मंद. डेल्टा/म्यू शून्याकडे जातं, पण खुद्द डेल्टा वाढतच जातो.

पण हे सूत्र घेऊन म्यू ५०० एमईव्हीला आकडा काढू नका. राजगोपाल आणि शुस्टर यांनी २००० मध्येच तपासलं: गेजवरचं (मांडणीच्या निवडीवरचं) अवलंबन आटोक्यात येतं ते जी ०.८ च्या खाली, म्हणजे म्यू १०^८ एमईव्हीच्या वर. ताऱ्यातला "१०० एमईव्ही गॅप" येतो तो एनजेएलसारख्या (ग्लुऑन वगळून क्वार्कांची थेट परस्परक्रिया धरणाऱ्या) मॉडेलांतून.

त्रिरंगी

आणि ताऱ्यात सीएफएल आहेच असं नाही. स्ट्रेंज क्वार्कचं वस्तुमान (एमएस) फर्मी पृष्ठभाग फाकवतं. जोडी नसताना, भार शून्य ठेवून, शेजारच्या दोन स्वादांच्या फर्मी संवेगांत एमएस²/४म्यू एवढं अंतर. सीएफएल हे जोडीविरहित द्रव्यापेक्षा फायद्याचं असतं तोपर्यंत, जोपर्यंत डेल्टा > एमएस²/४म्यू. पण डेल्टा < एमएस²/२म्यू झालं की त्याआधीच एका उत्तेजनेचा गॅप बुजतो. एमएस ३०० आणि म्यू ४५० घेऊन बघा: ५० आणि १००. या दोहोंच्या मधलं द्रव्य चिमटीत सापडलेलं. ते गॅपहीन सीएफएल गणितात मिळतं, पण त्याला चुंबकीय अस्थैर्य आहे: काही ग्लुऑनांच्या मेसनर (चुंबकीय आवरणातून आलेल्या) वस्तुमानाचा वर्ग ऋण येतो. पुढे स्फटिकरूप जोड्या हा एक पर्याय. त्या स्फटिकाची कर्तनदृढता न्यूट्रॉन ताऱ्याच्या कवचाच्या २० ते १००० पट निघते (मन्नारेल्ली, राजगोपाल, शर्मा, २००७).

शेषशून्य

एनजेएल चालवून बघणाऱ्यांसाठी, नेहमी कुठे घसरतं ते.

प्राचलं बहुतेक जण रेहबर्ग, क्लेव्हान्स्की, ह्युफ्नर यांची (१९९६) घेतात: कटऑफ ६०२.३ एमईव्ही, अदिश जोडणी जी×कटऑफ² = १.८३५, सहा-क्वार्क जोडणी के×कटऑफ^५ = १२.३६, यू-डी ५.५, एस १४०.७. डायक्वार्क जोडणी (क्वार्क जोड्यांच्या आकर्षणाचा जोर) फिएर्झ रूपांतराने अदिश जोडणीच्या ३/४, पण ती मोकळी सोडण्याची पद्धत आहे. ती १ केलीत की गॅप आणि निष्कर्ष दोन्ही बदलतात. निबंध वाचताना आधी हा आकडा शोधा.

पहिली घसरण: संवेगाची जाळी. जोडीचं सगळं काम फर्मी पृष्ठभागाच्या डेल्टाएवढ्या पट्ट्यात. ० ते ६०२ मध्ये सारख्या अंतराचे ६० बिंदू टाकले आणि डेल्टा २० असला तर त्या पट्ट्यात जेमतेम चार बिंदू. गॅप म्यूबरोबर दातेरी नाचायला लागला की कारण हेच. समाकलन फर्मी संवेगापाशी तोडा, गॅपहीन अवस्थेत जिथे ऊर्जा शून्य होते तिथेही तोडा.

दुसरी: भार आणि रंग शून्य ठेवणं. खऱ्या क्यूसीडीत ग्लुऑन हे काम आपोआप करतात. एनजेएलमध्ये ग्लुऑन नाहीत, म्हणून म्यू-३ आणि म्यू-८ (रंगभारांचे विभव) हाताने घालून त्यांची समीकरणं सोडवावी लागतात. इथे लोक सगळ्या चलांवर ओमेगाचं (ऊष्मागतिक विभवाचं, म्हणजे उणे दाबाचं) किमान शोधायला मिनिमायझर सोडतात. चूक. गॅपच्या दिशेने ते किमान असतं, पण म्यू-इ (इलेक्ट्रॉनचा विभव), म्यू-३, म्यू-८ च्या दिशेने कमाल. मिनिमायझर घसरत पार कुठेतरी जातो. आतल्या फेरीत भारशून्यतेची मुळं काढा, बाहेरच्या फेरीत ओमेगाची तुलना करा. आणि दोन अवस्थांची तुलना करताना दोन्ही आपापल्या भारशून्य बिंदूला हव्यात, समान म्यू-इ ला नव्हे.

तिसरी: डेल्टा = ० हे गॅप समीकरणाचं मूळ नेहमीच असतं. सुरुवातीचा अंदाज लहान दिलात तर सॉल्व्हर तिथेच चिकटतो आणि "इथे अतिवाहकता नाही" असा शोध लागतो. म्यू वरून खाली आणि खालून वर, दोन्हीकडून चालवा. दोन फांद्या वेगळ्या निघाल्या तर पहिल्या प्रकारचं अवस्थांतर आहे, ओमेगा कुठे छेदतात ते बघा.

चौथी सुटत नाही, सोबत घेऊन जगावी लागते: म्यू ५०० ला फर्मी पृष्ठभाग कटऑफपासून शंभर एमईव्हीवर. तिथे गॅप म्यूबरोबर कमी होताना दिसला तर त्यात कटऑफचा हात आधी तपासा.

काटकोन

शेषशून्य यांचा प्रतिसाद वेगळा धागा व्हावा इतका कामाचा. जोड म्हणून: समीकरण नुसतं ताऱ्यात घालायचं असेल तर एनजेएलचा खटाटोप न करता दाब = (३/४पाय²)(ए४ म्यू^४ − ए२ म्यू²) − बी हे चालतं. ए४ म्हणजे परस्परक्रियेची दुरुस्ती, ए२ = एमएस² − ४डेल्टा². एमएस २०० आणि डेल्टा १०० असेल तर ए२ शून्य! म्हणजे ताऱ्याच्या वस्तुमान-त्रिज्येवरून "जोड्या आहेत" आणि "स्ट्रेंज क्वार्क हलका आहे" यांतला फरक कळत नाही.

चकवा

हाच माझा पुढचा प्रश्न होता. मग "जड ताऱ्यांत क्वार्क गाभा ८०-९० टक्के शक्य" हे कशावरून?

काटकोन

आन्नाला आणि सहकारी, २०२३. निरीक्षणं काय आहेत: २.०८ सौरवस्तुमानाचा तारा जे०७४०+६६२०, त्याच्या क्ष-किरणांवरून काढलेली १२ ते १४ किलोमीटरच्या पट्ट्यातली त्रिज्या, आणि १७ ऑगस्ट २०१७ च्या गुरुत्वीय लहरींतून १.४ सौरवस्तुमानाला भरती-विरूपता (जोडीदाराच्या ओढीने तारा किती ताणला जातो, एकक नसलेला आकडा) ७० ते ५८०. लाखो समीकरणं बनवून यांत न बसणारी गाळतात. उरलेल्यांच्या गाभ्यात "समरूपतेकडे झुकणं" मोजतात: १/३ वजा दाब/ऊर्जा घनता, आणि त्याच्या बदलाचा दर, दोन्हींच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ ०.२ च्या खाली आहे का.

म्हणजे मोजलं ते द्रव्याचं ऊष्मागतिक वागणं. क्वार्क स्वतः कोणी पाहिले नाहीत. त्याच निबंधात उरलेल्या शक्यतेबद्दल लिहिलंय ते कोणी उद्धृत करत नाही: जोरदार पहिल्या प्रकारचं अवस्थांतर असलं तर गाभा होताच तारा अस्थिर होऊ शकतो.

त्रिरंगी

ध्वनिवेगाचं तेवढं सांगायला हवं. पर्टर्बेशनमध्ये वेगाचा वर्ग १/३ कडे खालून जातो. दोन सौरवस्तुमानं उभी करायची तर मधे कुठेतरी तो १/३ च्या वर जावा लागतो असं दिसतं. आधी हे विचित्र वाटायचं. पण आयसोस्पिन द्रव्यात (ते वरचं, जिथे साइन प्रॉब्लेम नाही) लॅटिसवर ६१४४ पायॉनपर्यंतची व्यवस्था मोजली गेली आणि तिथे तो मोठ्या पट्ट्यात १/३ च्या वर आहे. म्हणजे क्यूसीडीला असं वागायला मनाई नाही.

आणि अनुस्वार, मधल्या दरीबद्दल विचारलं होतं. डिटरमिनंटचं निरपेक्ष मूल्य त्याच्या वास्तव भागापेक्षा लहान नसतं. म्हणून फेज काढलेल्या सिद्धांताचा दाब खऱ्या दाबाहून कमी असूच शकत नाही. ही कोहेन यांची असमता. ज्या फेजने लॅटिस अडवलं तिच्याचमुळे मधल्या दरीत वरची मर्यादा मिळते, तीही मॉडेलशिवाय. मर्यादा दोन समान स्वादांसाठी आहे, ताऱ्यात यू-डी समान नाहीत, त्यामुळे लावताना दुरुस्ती लागते. शिवाय पर्टर्बेशनमध्ये हे दोन दाब अल्फाच्या तिसऱ्या घाताच्या आधी वेगळे होत नाहीत, म्हणजे उत्तरायण यांची मालिका लॅटिसवर ताडून पाहता येते.

अनुस्वार

सगळ्यांचे आभार, बराच उजेड पडला. माझ्या मूळ वाक्यात दुरुस्ती: ४० चं गणित ५ ला "लावत" नाहीत, ५ पासून ४० पर्यंत जायला वाट उरते का एवढंच बघतात. आणि स्केलच्या पट्ट्यामुळे ती वाट किती रुंद, हा वाद खरा.

एक राहिलंच. ४० ला जोड्या धरलेल्या नाहीत. त्या धरल्या तर वरचं टोकच हलेल ना?

कूपरमंडूक

हलेल, आणि किती ते सोपं आहे. जोड्यांचा दाब ३डेल्टा²म्यू²/पाय², मोकळ्या दाबाशी गुणोत्तर ४(डेल्टा/म्यू)². म्यू ८६७ ला डेल्टा ५० असेल तर १.३ टक्के, १०० असेल तर ५.३ टक्के. स्केलच्या पट्ट्यापुढे किरकोळ.

पण हाच प्रश्न उलटाही लावता येतो आणि कुर्केला, राजगोपाल, स्टाइनहॉर्स्ट यांनी २०२४ मध्ये तो लावला. डेल्टा फार मोठा असेल तर वरच्या टोकाचा दाब इतका वाढेल की ताऱ्यांच्या निरीक्षणांत बसणाऱ्या कुठल्याच समीकरणाला तिथवर कार्यकारणभाव सांभाळून पोचता येणार नाही. त्यातून निघालं: २.६ जीईव्हीला गॅप ४५७ एमईव्हीच्या वर नाही, आणि आणखी काही गृहीतं घेतली तर २१६. वरच्या सूत्रात टाकून बघा: ४५७ म्हणजे मोकळ्या दाबाच्या १११ टक्के जादा, २१६ म्हणजे २५ टक्के.

काटकोन

म्हणजे धाग्याचं शीर्षक उलटं हवं होतं. पाचपट घनतेचा तारा चाळीसपट घनतेच्या गणिताला लावताहेत.

अनुस्वार

शीर्षक आता बदलता येत नाही, संपादनाची मुदत गेली. २१६ साठीची ती "आणखी काही गृहीतं" कोणती, तेवढं कोणीतरी सविस्तर लिहा.